परतीचं भाडं

मैत्रिणींनो, एक प्रश्न विचारते, रागावू नका. तुमच्या घरच्या गाडीत या घटकेला पेट्रोल किती आहे, सांगता येईल? गॅसचा सिलिंडर कधी लावला, तूरडाळ किती उरली, दूधवाल्याचे खाडे किती झाले, हे आपल्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. पण पेट्रोल? ते खातं 'ह्यांचं'. माझ्याही घरी तसंच होतं, गेल्या चैत्रापर्यंत.

गाडी शिकले ती वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी. शिकवणाऱ्या सरांनी पहिल्या दिवशी 'जमेल ना?' असं विचारलं, तेव्हाच मनाशी ठरवलं की जमवायचंच. जमलंही. कराडात मंडईला, डॉक्टरांकडे, लग्नामुंजींना मीच सासूबाईंना घेऊन जाऊ लागले. शेजारणी कौतुक करायच्या. आता आपलं कुणावाचून अडत नाही, असं मलाही वाटायला लागलं होतं.

चैत्रात चिपळूणला नणंदेच्या नातवाचं बारसं होतं. ह्यांच्या ऑफिसात नेमकं त्याच दिवशी ऑडिट. "तुम्ही दोघी गाडीने पुढे व्हा, मी रात्रीच्या एस.टी.ने येतो," हे म्हणाले. सासूबाई पुढच्या सीटवर, मागे आंब्याची रिकामी खोकी आणि बाळाचे चांदीचे वाळे, अशा आम्ही निघालो. पेट्रोलचं म्हणाल, तर ह्यांना वाटलं मुलाने भरलं, मुलाला वाटलं बाबांनी भरलं, आणि मला काही वाटण्याचं कारणच नव्हतं!

पाटण मागे पडलं, कोयना मागे पडली. कुंभार्ली घाटाकडे चढाला लागलो आणि समोर एक पिवळा दिवा लागला. पेट्रोल पंपाचं इवलंसं चित्र. काटा तळाला टेकलेला. पोटात धस्स झालं.

आता हा दिवा लागल्यावर गाडी किती चालते? मला ठाऊक नव्हतं. मागे फिरावं, तर येताना शेवटचा पंप कुठे पाहिला तेही आठवेना. खरं सांगायचं, तर मी पंप कधी पाहिलेलेच नव्हते. रस्ता पाहायची, वळणं पाहायची. पंप असले तरी ते माझ्यासाठी नव्हतेच. मोबाइल काढला, तर घाटात रेंज नाही. म्हणजे ह्यांना विचारायची सोयही संपली.

"काय गं, गप्प का झालीस?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही आई. पेट्रोल जरा कमी आहे."

ए.सी. बंद केला, काचा खाली केल्या. घाटमाथा आला, उतार सुरू झाला आणि गंमत बघा, दिवा चक्क विझला! मी सुटकेचा श्वास सोडते न सोडते तोच पुढच्या वळणावर पुन्हा लागला. पेट्रोल वाढलेलं नव्हतं. गाडी उतरती झाली की टाकीतलं पेट्रोल एका बाजूला सरकतं, त्यावर तरंगणारा गोळा वर-खाली होतो, आणि दिवा त्याचं ऐकतो. हे नंतर कळलं. तेव्हा मात्र दिवा माझी थट्टा करतोय असं वाटत होतं.

"इंजिन बंद कर आणि सोड उताराला," सासूबाई म्हणाल्या. "तुझे सासरे स्कूटर अशीच सोडायचे. पेट्रोल संपलं की स्कूटर आडवी करायचे, तळाचं पेट्रोल पुढे यायचं, की परत किक."

मला ते पटलं हो! हात किल्लीवर गेलाही. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, मागे भरलेला ट्रक. आणि त्या क्षणी शिकवणाऱ्या सरांचं एक वाक्य आठवलं: चालत्या गाडीचं इंजिन बंद केलंत, तर ब्रेक दगडासारखा होतो आणि स्टिअरिंगही जड होतं. हात मागे घेतला. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवली, अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि हळूहळू उतरले. घरी आल्यावर मेकॅनिकला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "वहिनी, तेच बरोबर केलंत. आताच्या इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये उतरताना पाय काढला की पेट्रोल घेणंच थांबवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळत राहतं." म्हणजे जी काटकसर वाटत होती, ती काटकसरही नव्हती. जिवाशी खेळ मात्र होता.

घाट उतरलो. चिपळूणच्या रस्त्यावर पहिला पंप दिसला, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. पण खरी फजिती पुढेच होती.

आधी गाडी उलट्या बाजूला लावली. झाकण कुठल्या बाजूला आहे हेच माहीत नव्हतं. मग ते उघडायचा खटका सापडेना. पंपावरचा पोरगा हसू दाबत म्हणाला, "कितीचं टाकू काकू?" मी ऐटीत म्हटलं, "पाचशेचं." आणि पर्स उघडली. आत एकशे चाळीस रुपये!

"स्कॅन करा ना काकू," पोराने पाटी दाखवली. कसलं स्कॅन? बँकेत खातं माझ्या नावाचं, पण त्याला नंबर ह्यांचा. पैसे आल्या-गेल्याचा मेसेज ह्यांच्या मोबाइलवर. कार्ड कपाटात, ह्यांच्या पाकिटाशेजारी. आपल्याला कधी लागत नाही म्हणून!

मैत्रिणींनो, घाटात वाटली नव्हती एवढी लाज मला त्या पंपावर वाटली. गाडी चालवता येते म्हणून मिरवणारी मी, दुसऱ्याने भरलेल्या पेट्रोलवर जाईल तेवढीच जात होते.

सासूबाईंनी काही न बोलता कमरेचा बटवा सोडला. चार घड्या घातलेली पाचशेची नोट काढून पोराच्या हातात दिली. गाडी पुन्हा रस्त्याला लागल्यावर म्हणाल्या, "आमच्या आईने लग्नात एकच सांगितलं होतं. घराबाहेर पडताना परतीचं भाडं पदराला बांधल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. नवरा कितीही चांगला असो. मला कधी गरज पडली नाही. पण बांधलेलं असायचं." जरा थांबून पुन्हा म्हणाल्या, "तू एवढी मोटार शिकलीस. हेच तेवढं कसं राहिलं गं?"

मला उत्तर देता आलं नाही.

रात्री हे आले. सगळं ऐकून म्हणाले, "मला सांगायचंस, मी भरून ठेवलं असतं." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मी म्हटलं, "तुम्ही भरून ठेवता, हीच तर अडचण आहे." हे जरा वेळ गप्प बसले. पुढच्या सोमवारी बँकेत माझ्याबरोबर आले आणि खात्याला माझा नंबर लागला. फॉर्म मीच भरला.

आता मी शिकले ते थोडक्यात सांगते. बहुतेक लहान गाड्यांत पिवळा दिवा लागतो तेव्हा टाकीत साधारण पाच लिटरच्या आसपास पेट्रोल असतं. नेमका आकडा आपल्या गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात बघा. सपाट रस्त्यावर त्यात बरंच अंतर जातं, पण चढ, ए.सी. आणि गर्दीत ते झपाट्याने कमी होतं. म्हणून दिवा लागला की घाबरू नका, वेग वाढवू नका, एकसारख्या वेगाने जवळचा पंप गाठा. दिव्यावर रोज गाडी चालवायची सवय तर नकोच. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो. कोरडा पडला तर तो जळण्याची भीती, आणि तो बदलायचा खर्च मोठा. काटा पाववर आला की भरा. काट्याजवळच्या पंपाच्या चित्राशेजारी बारीक बाण असतो, तो दाखवतो झाकण कुठल्या बाजूला ते. आणि भरण्यापूर्वी मशिनवर शून्य बघायला विसरू नका. आपण तराजूचा काटा बघतोच की!

सासूबाईंची नोट मी दुसऱ्याच दिवशी परत करायला गेले. त्यांनी घेतली नाही. "राहू दे तुझ्या गाडीत," म्हणाल्या. 'तुझ्या' हा शब्द त्या घरात गाडीबाबत पहिल्यांदाच ऐकला.

ती चार घड्यांची नोट अजून डाव्या बाजूच्या खणात, गाडीच्या कागदांखाली आहे. अजून मोडावी लागलेली नाही. पण बांधलेली आहे.