डावखुऱ्याचा डाव

परवा संध्याकाळी मी मटार सोलत बसले होते आणि नातू टीव्हीसमोर मांडी ठोकून गाड्यांची शर्यत खेळत होता. बाहेर पुनावळ्याच्या अंडरपासपाशी नेहमीसारखी गर्दी तुंबलेली, हॉर्नचा नुसता कल्लोळ. आत मात्र याची गाडी मोकळ्या रस्त्यावरून सुसाट!

नातू अकरा वर्षांचा. आमच्या घराण्यातला एकुलता एक डावखुरा. जेवतो उजव्या हाताने (ते त्याच्या आईने लावलेलं वळण), पण लिहिणं, चित्रं काढणं, चेंडू फेकणं, दात घासणं सगळं डाव्या हाताने. मटार सोलता सोलता माझं लक्ष त्याच्या हातांकडे गेलं आणि एकदम मनात आलं, अरेच्चा, हे असं कसं?

"काय रे, तुझा हा रिमोट उजव्या हातवाल्यांचा दिसतो. बटणं सगळी उजवीकडे. तुला जड नाही जात?"

"रिमोट नाही गं आजी, कंट्रोलर. आणि जड कशाला जाईल?" असं म्हणून त्याने हातातली ती वस्तू उलटसुलट करून पाहिली. "याला डावा-उजवा असतो?"

त्याला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता! मला मात्र तो पडला आणि दोन दिवस सुटेना. मास्तरणीची खोड, दुसरं काय. मग मुलाला विचारून, थोडं वाचून, थोडं नातवाच्या शेजारी बसून माहिती गोळा केली. 

आमच्या मुलाच्या लहानपणी, म्हणजे १९९०च्या सुमाराला, कॅसेट घालायचे व्हिडिओ गेम घराघरांत आले होते. मारिओ, कॉन्ट्रा ही नावं तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असतील. त्या चपट्या रिमोटवर डावीकडे एक अधिकच्या चिन्हासारखं बटण असे, त्याने मारिओला चालवायचं, आणि उजवीकडच्या बटणांनी उडी मारायला लावायची. ही मांडणी जपानच्या निन्टेंडो कंपनीची. त्यांच्या गुनपेई योकोई या माणसाने १९८२ साली हातात धरायच्या छोट्या खेळासाठी ते अधिकचं बटण बनवलं, आणि १९८३ च्या त्यांच्या घरगुती यंत्रात ते तसंच डावीकडे आलं. तेव्हापासून आजपर्यंत, दोन-दोन स्टिक आल्या, मागे चार बटणं आली, तरी चालणं डाव्या अंगठ्याकडे आणि बाकीची करामत उजव्याकडे, हे काही बदललं नाही.

गंमत म्हणजे त्याच्या आधी उलटं होतं. १९७७ साली अमेरिकेत आलेल्या अटारीच्या यंत्राला एक उभी दांडी आणि डाव्या कोपऱ्यात एकच लाल बटण होतं. डाव्या हाताने डबी धरून त्याच अंगठ्याने बटण दाबायचं आणि दांडी उजव्या हाताने हलवायची. म्हणजे पाच-सहा वर्षांत दोन्ही हातांची कामं अदलाबदल झाली, आणि जगातल्या उजव्या हातवाल्या मुलांनी हू की चू न करता ती शिकून घेतली!

हे वाचलं आणि मला आमची चेतक आठवली. बजाजची चेतक, इथलीच, आकुर्डीची. आमच्या 'ह्यां'नी तिच्यावर अख्खी पिंपरी-चिंचवड पालथी घातली. चेतकचा गिअर कुठे होता आठवतंय ना? डाव्या मुठीत. क्लच दाबायचा आणि डावं मनगट फिरवून गिअर टाकायचा. उजव्या हाताला वेग आणि पुढचा ब्रेक. आपल्याकडच्या चारचाकीतही गिअर डाव्याच हाताने टाकतात. शंभरातली नव्वद माणसं उजव्या हाताची, तरी कुणी कधी तक्रार केली नाही की "आमच्या डाव्या हाताला हे जमत नाही." टाइपरायटरचंही तेच. तीस शब्दांच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलींना कुणी विचारत नसे, की बाई, तू डावखुरी की उजवी? दोन्ही हात कामाला लागतात तिथे हा भेद पुसट होतो. शिवाय नवं हत्यार हाती आलं की पहिल्या दिवशी सगळेच अडाणी.

नातवाचं तेच झालं होतं. चौथ्या-पाचव्या वर्षी कंट्रोलर हातात आला. दोन्ही अंगठे सारखेच अडाणी. दोघेही बरोबरीने शिकले.

पण सगळंच काही असं गोड नाही. माऊसचं घ्या. तो ठेवलेला असतो उजवीकडे आणि पुष्कळ डावखुरे निमूट उजव्या हाताने चालवायला शिकतात. कीबोर्ड-माऊसवर खेळताना डाव्या हाताने चालायचं आणि उजव्या हातातल्या माऊसने नेम धरायचा, अशी रीत. ज्याला माऊस डाव्याच हातात हवा, त्याला चालायची बटणं उजव्या हाताच्या आवाक्यात बदलून घ्यावी लागतात. कंट्रोलरवरही बंदुकीच्या खेळात उजव्या स्टिकने बघायचं आणि नेम धरायचा. नेम म्हणजे बारीक काम, लिहिण्यासारखं. नातू त्या खेळात चांगलाच मार खातो हे मी पाहिलं होतं. त्याचा नेम इकडे तिकडे भरकटतो. तेव्हा माझ्या मनाने घेतलं, की हा मार त्या उजव्या अंगठ्यामुळेच.

आता जी गोष्ट सांगणार आहे, ती मी आजवर घरातसुद्धा धड सांगितलेली नाही.

१९८३ साली माझ्याकडे चौथीचा वर्ग होता. शाळा मराठी माध्यमाची, मुलं बहुतेक टेल्को, बजाजमधल्या कामगारांची. त्यात एक मुलगा डावखुरा. हुशार, बोलका, फळ्यावर गणित सोडवायला सगळ्यात आधी हात वर करणारा. आणि तोही हात डावाच! आपली लिपी डावीकडून उजवीकडे जाते, त्यामुळे डाव्या हाताने लिहिणाऱ्याचा तळवा नुकत्याच लिहिलेल्या अक्षरांवरून फिरतो. शाईपेनाचे दिवस. त्याची वही बरबटलेली, मनगटाला निळा डाग. मी ठरवलं, याला सुधारायचं. काय केलं? पट्टी. मोठ्याने ओरडले नाही, रागावले नाही, फक्त डाव्या हातात पेन दिसलं की बोटांवर पट्टीची चापटी. सहा महिन्यांत मुलगा उजव्या हाताने लिहू लागला. वही स्वच्छ. त्याचे वडील पहिली पाळी करून थेट शाळेत आले आणि हात जोडून म्हणाले, "बाई, तुमच्यामुळे पोरगं वळणाला लागलं." मला धन्य वाटलं.

पण फळ्यापाशी येणं त्याने सोडलं. हात वर करणं कमी होत होत थांबलं. मला वाटलं, मोठा होतोय, गंभीर झालाय. एकदा मधल्या सुट्टीत वर्गाच्या खिडकीतून पाहिलं, तर मैदानावर तो चेंडू फेकत होता. डाव्या हाताने, लांबच लांब, आणि मोठमोठ्याने ओरडत! त्याचा डावा हात कुठे गेला नव्हता, फक्त माझ्या वर्गात यायचा बंद झाला होता.

मी मराठीची विद्यार्थिनी. भाषेने तरी मला सावध करायला हवं होतं. जो चांगला तो 'उजवा', ज्याला बाजूला सारायचं त्याला 'डावलायचं'. मी त्या मुलाचा हात शब्दशः डावलला होता. आणि हीच भाषा सोप्या कामाला 'डाव्या हातचा मळ' म्हणते. तेही उजव्या हातवाल्यांनीच म्हणायचं!

असो. तर हे ओझं मनात असल्यामुळे नातवाच्या नेमाचा मी भलताच ध्यास घेतला. मुलाकडून कळलं, की बऱ्याच खेळांत दोन्ही स्टिकची कामं बदलून घ्यायची सोय असते. इंग्रजीत तिला 'साउथपॉ' म्हणतात. बेसबॉलमधल्या डावखुऱ्या गोलंदाजालाही हाच शब्द. नातवाने याहून मजेशीर माहिती पुरवली. निन्टेंडोच्या 'झेल्डा' या खेळाचा नायक लिंक १९८६ पासून डावखुरा होता, तलवार डाव्या हातात. त्याचा जनक शिगेरू मियामोतो याचाही कल डाव्या हाताकडे. पण २००६ मध्ये हातात धरून हलवायचं वी हे यंत्र आलं. बहुतेक लोक ते उजव्या हातात धरणार, म्हणून त्या वर्षीच्या खेळात कंपनीने अख्खं जगच आरशातल्यासारखं उलटं केलं! पूर्वेची गावं पश्चिमेला गेली आणि लिंक झाला उजव्या हाताचा. मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. बिचाऱ्यालाही कुणीतरी पट्टी मारली की!

झालं. मी मुलाला लावलं कामाला आणि नातवाच्या बंदुकीच्या खेळात स्टिक बदलून घेतल्या. आता डाव्या अंगठ्याने नेम, उजव्याने चालणं. मी शेजारी बसले, कौतुकाने बघायला. पण कसलं काय! तो भिंतींना धडकायला लागला. पुढे जायचं तर आकाशाकडे बघायचा. दोन दिवस माझं मन राखायला खेळला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "आजी, मी परत पहिल्यासारखं करू? मला तेच सवयीचं आहे."

"अरे, पण तू डावखुरा आहेस! थोडा नेट लाव. तुझ्यासाठी हेच बरोबर आहे."

बोलून गेले आणि जीभ चावली. आवाज तोच होता हो... १९८३ चा. तेव्हा 'उजवाच' म्हणत होते, आता 'डावाच' म्हणत होते. हातात पट्टी नव्हती एवढंच.

"कर बाबा तुला हवं तसं," म्हटलं. त्याने स्टिक पुन्हा होत्या तशा केल्या आणि सुखाने मार खाऊ लागला. (नेम कशाने चुकतो विचारलं, तर म्हणाला, "घाई होते गं.")

आपला सचिनच बघा ना. लिहितो डाव्या हाताने आणि बॅट धरतो उजव्यासारखी. उलट गांगुली एरवी उजव्या हाताचा, फलंदाजी डावखुरी. कुठला हात कशाला, हे ज्याचं त्याने खेळता खेळता ठरवायचं असतं. डावखुरे किती सहज जुळवून घेतात, असं आपण कौतुकाने म्हणतो. पण जुळवून घेणं वेगळं आणि जुळवून घ्यायला लावणं वेगळं, हे मला पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर कळतंय, आणि तेही एका खेळण्यामुळे. सोय हवी, पण ती वापरायची की नाही ते दुसऱ्या कुणी ठरवू नये. तबला-डग्ग्याची जागा डावखुरा वादक बदलून घेतो तेव्हा तबला काही तक्रार करत नाही.

तो मुलगा मला दोन वर्षांपूर्वी भेटला. डोक्यावर निम्मे केस पांढरे. वाकडला एका दुकानात त्यानेच ओळखलं, वाकून नमस्कार केला. फोन नंबर लिहून दिला, उजव्या हाताने. अक्षर मोत्यासारखं. माझी नजर कागदावर खिळलेली बघून हसला आणि म्हणाला, "बाई, हे वळण तुमचंच." मनापासून म्हणाला. मला त्याची माफी मागायची होती, पण माणसांच्या गर्दीत ओठांवर आलंच नाही. ती चिठ्ठी अजून माझ्या पाकिटात आहे.

काल नातवाने कंट्रोलर माझ्याच हातात दिला. "आता तू चालव." आयुष्यभर उजव्या हाताची मी. गाडी वळवायची डाव्या अंगठ्याने! पहिल्याच वळणावर गाडी भिंतीत. मग पुन्हा भिंतीत. मग उलट्या दिशेने. अंगठा ऐकेचना. मी वैतागून कंट्रोलर खाली ठेवणार, तोच नातू म्हणाला,

"राहू दे आजी, हळूहळू चालव. कुणी मागे लागलंय का? येईल तुला."

एवढंच तर म्हणायचं होतं मला. त्या मुलाला, त्रेचाळीस-बेचाळीस वर्षांपूर्वी.

मटार निवडून झाले की आज फोन करीन म्हणते.