सिन्स की फॉर? विचारा नानांना

इसामिया बाजार, सुलतान बाजार, गौळीगुडा, काचीगुडा. हैदराबादेत कुठल्याही मराठी घरात दिवेलागणीला जा, कोणीतरी कोणाला तरी विचारत असायचंच. इथे 'सिन्स' की 'फॉर'? 'इन' की 'ॲट'? 'द' लागतो का हो काका?

उत्तर देणारी वडीलमंडळी बहुतेक उर्दूत शिकलेली. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली सुरू झालं ते उर्दू माध्यमाचंच. त्यासाठी दारुल तर्जुमात पुस्तकांची भाषांतरं व्हायची, नवे शब्द घडायचे. आमच्या नानांना त्रिकोण म्हटलं तर क्षणभर थांबावं लागे, मुसल्लस म्हटलं की लगेच उमगे. १९४८ नंतर विद्यापीठ इंग्रजीकडे वळलं, कचेऱ्याही वळल्या. म्हणून आमच्या घरांत बाप आणि लेकरं बरोबरीनं इंग्रजी शिकली. नाना कचेरीतला मसुदा घेऊन बसत, आम्ही निबंध घेऊन. कंदील एकच.

मधे 'रेन अँड मार्टिन'चं इंग्रजी व्याकरण. थोरल्या दादाचं, मग ताईचं, मग आमचं. पहिल्या पानावर नावं एकाखाली एक. पुठ्ठा सुटला की मैद्याची खळ, वर जुन्या 'सियासत' पेपरचं कव्हर. त्यातही शंका फिटली नाही तर ती रफ वहीच्या शेवटच्या पानावर टिपून ठेवायची आणि रविवारी आबिडच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं चाळताना उत्तर शोधायचं. दुकानदार ओळखीचा. 'पढ लो बेटा, लेना नक्को तो नक्को,' म्हणायचा.

'सिन्स'नं आम्हाला फार छळलं. मराठीत 'दोन वर्षांपासून', उर्दूत 'दो साल से', आणि 'सोमवारपासून'ला तोच 'पासून', तोच 'से'. मग 'सिन्स टू इयर्स' का नको? नानांनी शेवटी जमाखर्चाच्या वहीवर समजावलं: खातं ज्या तारखेला उघडलं तिथे 'सिन्स', आणि किती मुदत झाली तिथे 'फॉर'. इतकं स्वच्छ आम्हाला पुढे कोणी सांगितलं नाही. १९५८ मध्ये आपल्याच गावात इंग्रजीच्या शिक्षकांना तयार करणारी केंद्रीय संस्था निघाली, तिचा आम्हाला अभिमान; पण नानांची वही ती नानांची वही.

सगळ्यात मोठा वाद झाला तो नुमाइशवरून, म्हणजे नामपल्लीच्या प्रदर्शनावरून. धाकटीनं वाक्य केलं, 'वी आर गोइंग टु द एक्झिबिशन.' ओट्यावरच्या तेलुगू शेजारणीच्या मुलीनं विचारलं, 'मनमु की मेमु?' म्हणजे मी धरून की मला सोडून? आम्हाला तिचा प्रश्न तत्काळ कळला. आपलं 'आपण' आणि 'आम्ही' तेच तर आहे. नानांच्या उर्दूत दोन्हींना एकच 'हम', इंग्रजीत एकच 'वी'. आजीला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण ती स्वयंपाकघरातून म्हणाली, 'अगं, मग पानं किती मांडायची ते त्यांच्यात कळतं कसं?'

नानांनी बराच वेळ पुस्तक चाळलं. मग धाकटीनंच 'वी ऑल' लिहून टाकलं. शाळेत बाईंनी 'ऑल'वर तांबडी रेघ मारली, तरी आमच्या वाड्यात 'वी ऑल'च चाललं, आणि त्या जानेवारीत शेजारीण धरून सगळी पलटण नामपल्लीला नुमाइश बघून आली.