गहाळ

मंगळसूत्र गळ्यातून गहाळ होतं का? दीड वर्ष झालं, हा शब्द माझ्या डोक्यातून जात नाही.

2024 च्या श्रावणातला शुक्रवार होता. आई जिवतीच्या हळदीकुंकवाला पलीकडच्या गल्लीत गेली होती. परत येताना मागून मोटारसायकल आली, मागे बसलेल्यानं गळ्याला हात घातला. पुढचं कसं होतं ते सगळ्यांना माहीत आहे. आई ओरडली नाही. खाली बसून रस्त्यावर सांडलेले काळे मणी वेचत राहिली. घरी आली तेव्हा पदराच्या गाठीत सतरा मणी होते आणि निऱ्यांत अडकलेली एक वाटी. बाकीचं तीन तोळ्यांचं मंगळसूत्र गेलं.

मी आईला घेऊन पोलीस ठाण्यात गेले. ठाणे अंमलदारांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही. मग म्हणाले, "एक वाटी तुमच्याच अंगावर सापडली ना काकू? मग दुसरीही तिथंच कुठं पडली असेल. जुनी साखळी, तुटते." आणि कागदावर लिहिलं, घरी येत असताना सोन्याचे मंगळसूत्र कोठेतरी गहाळ झाले आहे.

"अरे, पण त्यानं हात घातला ना," आई म्हणाली. तिनं पदर बाजूला करून मानेवरचा वळ दाखवला. लालभडक, बोटभर रुंद. त्यांनी तो नीट पाहिला. पाहिला, हेच मला सहन होत नाही. "शोध तर आम्ही घेणारच. गुन्हा दाखल केला की या वयात कोर्टाच्या फेऱ्या तुम्हालाच मारायला लागतील," असं म्हणून कागद पुढे सरकवला.

मी बँकेत काम करते. कागदावरच्या एका शब्दानं माणसाचं काय होतं, हे रोज बघते. गहाळ म्हणजे गुन्हाच घडलेला नाही. ज्यानं ओढलं तो या जगात नाहीच. ना पंचनामा, ना तपास, ना ठाण्याच्या महिन्याच्या आकड्यात एका गुन्ह्याची भर. उरतो तो फक्त आईचा निष्काळजीपणा. सहासष्ट वर्षांच्या बाईनं चाळीस वर्षं सांभाळलेली वस्तू तिनंच कुठंतरी पाडली, असं सरकारी कागदावर लिहिलं गेलं. तो कागद मी दोनदा वाचला. रात्रीचे साडेनऊ झाले होते, आई उपाशी होती. मी तिच्या हातात पेन दिलं. तिनं सही केली.

रात्रभर वाचत बसले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हिसकावून नेणं हा कलम 304 खाली वेगळा, दखलपात्र गुन्हा आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे नोंदवून घ्यावीच लागते, प्रत फुकट द्यावी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ललिता कुमारी खटल्यात 2013 सालीच सांगून ठेवलं आहे की, खबरीतून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर तो दाखल करणं बंधनकारक आहे. सकाळी हे सगळं अर्जात लिहून नेलं.

"मॅडम, काल तुम्हीच सही केलीय."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. चौकशी करून बघू, म्हणाले. तीन ते सात वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी नव्या कायद्यात आहे, पण तिला उपअधीक्षकांची परवानगी लागते. ती घेतली का, हे कुणी सांगेना. अर्जाची पोचही देईनात. तीन दिवस गेले. अधीक्षकांना रजिस्टर पोस्टानं पाठवायचं पाकीट मी तयार केलं, आणि त्याच दुपारी यजमानांच्या मामेभावानं कुणाला तरी फोन केला.

वीस मिनिटं. तेच अंमलदार, त्याच खुर्च्या. "काकू, आता सविस्तर सांगा." कलम 304 लागलं, गुन्हा रजिस्टर नंबर पडला, प्रत हातात आली. घरी सगळे म्हणाले, काम झालं ना. झालं. पण ते कायद्यानं झालं नाही, मामेभावानं झालं. जिला असा मामेभाव नाही तिचं मंगळसूत्र गहाळच राहणार. ते पाकीट अजून माझ्या खणात आहे.

तरी मी सगळ्यांना सांगत असते. अर्ज लेखी द्या, दोन प्रती करा, आपल्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. नाही दिली तर अधीक्षकांना पोस्टानं पाठवा, तिथंही दाद नाही मिळाली तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा. आणि पटलं नाही तर सही करू नका, कितीही वाजलेले असोत.

गणपतीत ठाण्यातून फोन आला, आईंना पुरवणी जबाबाला संध्याकाळी घेऊन या. बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, घरी येऊन घ्यावा लागतो, कलम 179. भांडायच्या तयारीनंच मी हे सांगितलं. पलीकडचे हवालदार म्हणाले, "बरं, मीच येतो." भर पावसात आले. बंदोबस्तामुळे दोन दिवस घरी गेले नव्हते. कुठल्या हातानं ओढलं, गाडीचा आवाज कसा होता, मागच्याच्या पायात काय होतं, असं कुणीच न विचारलेलं त्यांनी विचारलं आणि सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं. आईनं शिरा दिला. "दमलाय रे बाळा तू," म्हणाली. ते गेल्यावर मला वाटलं, मी उगाच सगळ्यांना एकाच मापानं मोजत होते. मग कपाटात काहीतरी शोधताना तो पहिला कागद हाताला लागला आणि ते वाटणं गेलं.

मंगळसूत्र मिळालं नाही. दिवाळीआधी उरलेल्या वाटीला जोडीची दुसरी करून घ्यायला सोनाराकडे गेलो. त्यानं सहज विचारलं, "हिची जोडीदार कुठं गेली, मावशी?"

"हरवली," आई म्हणाली.

"हरवली नाही, आई. ओढून नेली."

माझा आवाज बराच मोठा लागला असावा. दुकानातली माणसं वळून बघायला लागली.