वहाणेतला खडा

आमच्या धर्मग्रामात आमच्याविषयी एक लौकिक पसरलेला आहे. वेदीवरील मेणबत्त्या एका रेषेत आल्याखेरीज फादर मिस्सेला उभे राहत नाहीत, सूचनाफलकावरचे एक अक्षर वाकडे गेले तर सारा फलक पुसून काढतात, आणि प्रवचनाचा कागद सात वेळा लिहिल्यावाचून त्यांना झोप येत नाही, असे लोक कौतुकाने सांगतात. लौकिक अगदीच खोटा आहे असे नाही. लहानपणी घरात टापटिपीला मान होता, पुढे सेमिनरीत घंटेवर उठण्याबसण्याची शिस्त अंगवळणी पडली, आणि मूळचा स्वभावही तसाच. परंतु लोक ज्याला टापटीप म्हणतात तिच्या पोटात पुष्कळदा काय दडलेले असते, हे ज्याचे त्यालाच ठाऊक असते. मेणबत्ती सरळ करणारा हात भक्तीने हलतो की भीतीने, हे बाकावर बसलेल्याला दिसत नाही.

ही भीती एकट्या धर्मगुरूच्या वाट्याला येते असेही नाही. घराला गिलावा झाला नाही म्हणून पाहुण्याला वर्षानुवर्षे घरी न बोलावणारी गृहिणी आम्ही पाहिली आहे. एखादा उच्चार चुकेल या धास्तीने मिस्सेत वाचन करण्याचे टाळणारा सुशिक्षित तरुण पाहिला आहे. आजारी भावाला काय लिहावे ते नेमके सुचेना म्हणून पत्रच न लिहिणारा वडीलधारा माणूसही पाहिला आहे. तिघांचीही मने चांगली. परंतु पाहुणा आला नाही, वाचन झाले नाही, पत्र गेले नाही. निर्दोषपणाचा हव्यास हा असा आहे. तो वाईट कृत्य करावयास लावीत नाही; तो चांगले कृत्य हातून होऊ देत नाही.

लॅटिन भाषेत यासाठी एक बोलका शब्द आहे, ‘स्क्रूपुलुस’. त्याचा मूळ अर्थ लहानसा टोकदार खडा. वहाणेत शिरलेला खडा माणसाला ठार करीत नाही. परंतु तो प्रत्येक पावलाला टोचतो, आणि मग चालणाऱ्याचे लक्ष वाटेवर राहत नाही, सोबत्यावर राहत नाही, केवळ स्वतःच्या टाचेवर राहते. सदसद्विवेकबुद्धीला बोचत राहणाऱ्या निष्कारण शंकेला धर्मगुरूंनी शतकानुशतके हेच नाव दिले आहे.

पापनिवेदनात जे कानी पडते ते धर्मगुरूच्या ओठांवर कधीही येत नाही. म्हणून या दुखण्याचे उदाहरण आम्ही आमच्या माणसांतून देणार नाही. सुदैवाने एका थोर पुरुषाने आपली हकीकत आपणच सांगून ठेवली आहे. संत इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या आयुष्याच्या शेवटल्या काळात, १५५३ ते १५५५ च्या दरम्यान, आपली जीवनकथा एका सहकाऱ्यास तोंडी सांगितली. तीत मानरेसा गावातील दिवसांचे वर्णन आहे.

१५२१ साली पांप्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने पाय मोडलेला हा सरदारपुत्र १५२२ च्या मार्चमध्ये माँसेर्रातच्या मठात आला. तेथे त्याने आपल्या सर्व आयुष्याची पापे लिहून काढून तीन दिवसपर्यंत पापनिवेदन केले. एवढ्याने समाधान व्हावयाचे. पण मानरेसाला आल्यावर त्याच्या मनात शंका उठू लागल्या. हे सांगितले का? ते पुरते सांगितले का? तो पुनःपुन्हा पापनिवेदन करी आणि पुनःपुन्हा अस्वस्थ होई. अखेर त्याच्या धर्मगुरूने त्याला बजावले की, मागची पापे आता काढू नकोस. फारच स्पष्ट असे काही असेल तरच सांग. परंतु त्या बिचाऱ्याला तर सगळेच फार स्पष्ट दिसत होते! ‘तरच’ या तीन अक्षरी फटीतून सारी शंका पुन्हा आत शिरली. जिवाचे बरेवाईट करून घ्यावे असा मोहसुद्धा त्याला होऊ लागला. देव दया करीपर्यंत अन्नपाणी घ्यावयाचे नाही असे ठरवून त्याने एका रविवारपासून दुसऱ्या रविवारपर्यंत कडकडीत उपास केला. धर्मगुरूने आज्ञा केली तेव्हा तो सोडला. दोन दिवस बरे गेले आणि तिसऱ्या दिवशी एकातून एक अशी पापांची माळ पुन्हा सुरू झाली.

सुटका कशाने झाली? अधिक कसून शोध घेण्याने नव्हे. या शंका आपल्याला कोठे नेत आहेत हे त्याने एकदा नीट पाहिले. त्या त्याला देवाकडे नेत नव्हत्या. उलट ज्या नव्या जीवनासाठी त्याने घरदार सोडले होते त्याचाच वीट आणीत होत्या. तेव्हा त्याने निश्चय केला की, मागील कोणतेही पाप यापुढे पापनिवेदनात काढावयाचे नाही. या निश्चयाला ‘तरच’ नव्हते. त्या दिवसापासून तो मोकळा झाला. पुढे त्याने आपल्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथात, ज्याला १५४८ साली पोप तिसरे पॉल यांनी मान्यता दिली, अशा शंकांनी पीडलेल्यांसाठी वेगळी टिपणे घातली. ज्याच्या पायात खडा रुतला होता त्यानेच इतरांच्या वहाणा झाडून दिल्या.

या कथेतून आम्ही आमच्यापुरता एक नियम घेतला आहे. शनिवारी संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली की प्रवचनाचा कागद मिटावयाचा. वाक्य अपुरे असो, दृष्टांत लंगडा असो, कागद उघडावयाचा नाही, आणि या नियमाला अपवाद ठेवावयाचा नाही. कारण हा स्वभाव अपवादावरच पोसला जातो. पहिले काही शनिवार मोठे जड गेले. आता त्या वेळात आम्ही गावातील एखाद्या आजाऱ्याच्या घरी जाऊन बसतो. रविवारी प्रवचन पूर्वीइतकेच बरे किंवा पूर्वीइतकेच सामान्य होते. मात्र सांगताना आमच्या डोळ्यांसमोर कागद नसतो, तो आजारी माणूस असतो.

गेल्या पावसाळ्यात एक माउली आपल्या नववीतल्या मुलाला घेऊन कचेरीत आली. मुलगा हुशार, अक्षर मोत्यासारखे. ती म्हणाली, “फादर, ह्याला जरा सांगा की. सगळं येतंय, तरी पेपर अर्धा कोरा ठेवून येतो. घरी वहीची पानं फाडून फाडून वही संपवली नव्हं!” आम्ही मुलाला विचारले, “पाने का फाडतोस रे?” तो खाली मान घालून म्हणाला, “खाडाखोड झाली की पान बघवत नाही, फादर.” त्या उत्तराने आम्हाला हसू आले नाही. ते दुखणे आमच्या ओळखीचे होते.

उपदेश करून उपयोग नव्हता. आम्ही त्याच्या हाती खडू दिला आणि दर शनिवारी देवळाच्या सूचनाफलकावर मिस्सेच्या वेळा लिहिण्याचे काम सोपविले. अट एकच होती. ओले फडके आमच्या कपाटात राहील. चुकले तर एक आडवी रेघ मारून पुढे लिहावयाचे. पहिल्या शनिवारी त्याने चार ओळींना पाऊण तास घेतला. तिसऱ्या शनिवारी ‘सायंकाळी’ या शब्दाची वेलांटी ऱ्हस्व पडली. ती पाहून त्याचा चेहरा उतरला, आणि खरे सांगावयाचे तर आमचाही हात कपाटाकडे वळू पाहत होता. पण अट ती अट. त्याने रेघ मारली, शेजारी शब्द पुन्हा लिहिला आणि तो घरी गेला. दुसऱ्या दिवशी सारा गाव वेळेवर मिस्सेला आला. एकाही माणसाने रेघेविषयी चकार शब्द काढला नाही. त्यांना वेळ कळावयास हवी होती, ती कळली होती. मुलगा पुरता बरा झाला असे आम्ही म्हणत नाही. परंतु सहामाहीच्या परीक्षेत त्याने शेवटच्या प्रश्नापर्यंत उत्तरे लिहिली, आणि उत्तरपत्रिकेत सात ठिकाणी खाडाखोड आहे हे त्याच्या आईने आम्हाला आनंदाने सांगितले.

शब्दांची गोष्ट निघाली म्हणून आमच्या मेजावरील एका जाड ग्रंथाची आठवण होते. मोल्सवर्थ या लष्करी अधिकाऱ्याने कँडी बंधूंच्या आणि मराठी पंडितांच्या साहाय्याने तयार केलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला. भाषेतले सारे शब्द सापडेपर्यंत थांबावयाचे असे त्यांनी ठरविले असते, तर कोश कधीच निघाला नसता; कारण सारे शब्द कोणालाच सापडत नाहीत. पुढे १८५७ साली त्याची सुधारून वाढविलेली दुसरी आवृत्ती निघाली. जुनी आवृत्ती लोकांच्या हाती पडली होती म्हणूनच तिच्यावर पुढचे काम होऊ शकले. आणि आमच्या सीमाभागाने अभिमानाने सांगावे असे की, ज्या १८३१ साली पहिली आवृत्ती निघाली त्याच वर्षी बेळगावात जन्मलेल्या बाबा पदमनजी यांनी १८६३ साली त्या कोशाची संक्षिप्त आवृत्ती तयार केली. अपुरे काम दुसऱ्यासाठी जागा ठेवते. आपले काम पूर्ण निर्दोष असावे असा हट्ट धरणारा मनुष्य, त्याच्या ध्यानीमनी नसताना, आपल्यामागून कोणी येऊ नये असाच हट्ट धरीत असतो.

धर्मग्रामाच्या नोंदवहीतही हे शहाणपण आहे. बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी समास राखलेला असतो. मूल मोठे होते, त्याला दृढीकरण मिळते, त्याचा विवाह होतो. त्याची टीप त्या समासात येते. नोंद करणाऱ्याला माणसाची सारी कथा पहिल्याच दिवशी लिहावयाची नसते. नोंदीत काही दुरुस्त करावयाचे झाले तर खरवडून काढावयाचे नाही, एक रेघ मारून शेजारी योग्य ते लिहावयाचे व सही करावयाची, असा आमच्या कचेरीचा रिवाज आहे. खरवडलेल्या वहीवर कोणी विश्वास ठेवीत नाही; दुरुस्त केलेल्या वहीवर ठेवतात.

येथे कोणी विचारील, “फादर, मग प्रभूने आपल्याला पित्यासारखे पूर्ण होण्यास सांगितले आहे, त्याचे काय?” प्रश्न रास्त आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ५ व्या अध्यायाच्या अखेरीस तो उपदेश आहे. परंतु तेथील मूळ ग्रीक शब्द ‘तेलेयोस’ हा ध्येय, शेवट या अर्थाच्या शब्दापासून आला आहे. ज्याला डाग नाही असे भांडे त्याने सूचित होत नाही. जे आपल्या ध्येयाला पोहोचले, परिपक्व झाले, ते सूचित होते. झाडाच्या पिकल्या फळावर डाग असतो, तरी ते पूर्ण असते. शिवाय त्या उपदेशाच्या आधी विषय कोणता चालला आहे? चांगल्यावाईटांवर सारखाच सूर्य उगवविणाऱ्या आणि पाऊस पाडणाऱ्या पित्याचा. लूकच्या शुभवर्तमानात, ६ व्या अध्यायात, याच उपदेशाच्या जागी दयाळू होण्यास सांगितले आहे. तेव्हा पूर्णत्व म्हणजे प्रेमाचे पिकणे, हिशेबाचे चोख जुळणे नव्हे.

यावरून ‘चालतंय की’ म्हणून हात झटकण्यास आम्ही मोकळीक देत आहोत असे मात्र कोणी समजू नये. गवंड्याने सिमेंटचे प्रमाण राखलेच पाहिजे, परिचारिकेने औषधाचे माप पाहिलेच पाहिजे, आणि देवळाच्या पैशाचा हिशेब पैनपै लागलाच पाहिजे. काळजी आणि हव्यास यांतील भेद ओळखण्याची एक सोपी खूण आहे. काळजीने काम करणारा कामाकडे व ते ज्याच्यासाठी आहे त्या माणसाकडे पाहतो. हव्यासाने काम करणारा कामाच्या आरशात स्वतःचे तोंड पाहतो. पहिल्याचे काम संपते. दुसऱ्याचे संपत नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. कोणी वारंवार हात धुतो, कडी लावली की नाही हे दहादहा वेळा पाहतो, तीच प्रार्थना चुकली म्हणून पुनःपुन्हा म्हणतो, आणि यात त्याचा दिवस जातो व झोप उडते, तर ते भक्तीचे लक्षण नव्हे आणि मनाचा दुबळेपणाही नव्हे. तो उपचाराने आटोक्यात येणारा आजार असू शकतो. अशा माणसाला आम्ही प्रार्थनेबरोबर डॉक्टरांकडे जाण्यास सांगतो. शासनाची ‘टेली मानस’ ही सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास विनामूल्य सल्ला मिळतो. तापाच्या रोग्याला जसे आपण नावे ठेवीत नाही, तशी यालाही ठेवू नयेत. आणि मुलाची वही पाहताना लाल रेघा मोजण्याआधी त्याने काय लिहिले आहे ते आईबापांनी एकदा वाचावे.

संत इग्नेशियस यांनी रोज आपल्या दिवसाचे परीक्षण करण्याची रीत शिकविली, ती आजही प्रचारात आहे. जो एके काळी रात्रंदिवस केवळ आपली पापे मोजीत होता, त्याने त्या परीक्षणाची पहिली पायरी कोणती सांगावी? मिळालेल्या कृपादानांबद्दल देवाचे आभार मानणे. पापांचा शोध त्यानंतर येतो. आज रात्री दिवा मालविण्यापूर्वी, बंधुभगिनींनो, आपण त्याच क्रमाने जाऊ या. आधी आभार, मग उणिवा, मग क्षमा; आणि मग राहिलेले काम तसेच ठेवून स्वस्थ झोप. आपण झोपल्यावरही शेतातले भात वाढतच असते.