फ्रिक्वेन्सीला थोडं हलू द्या

कारखान्यात वीज गेली की पहिला डीजी, म्हणजे डिझेल जनरेटर, बिनधास्त सुरू होतो. त्याला कुणाशी जुळवून घ्यायचं नसतं. खरी गंमत दुसरा जोडताना. सिंक्रोस्कोपचा काटा घड्याळाच्या दिशेने सावकाश फिरतोय हे बघायचं आणि बारावर पोचायच्या किंचित आधी ब्रेकर मारायचा. काटा उलटा फिरत असेल तर थांबायचं. तशात जोडला तर नवा सेट लोड घेण्याऐवजी स्वतःच लोड होऊन बसतो.

*

जोडला तरी वाटणीचं राहिलंच. दोन्ही गव्हर्नर ‘काहीही होवो, 50 हर्ट्झच’ अशा हट्टाचे आणि मध्ये लोड शेअरिंगची वायर नाही, तर भाऊबंदकी ठरलेली. दोघांचं 50 कधीच तंतोतंत सारखं नसतं. ज्याचं केसभर वर, तो डिझेल वाढवत जातो. दुसरा कमी करत जातो, आणि शेवटी जनरेटरचा मोटर होतो. मग रिव्हर्स पॉवर रिले त्याला बाहेर काढतो.

*

उपाय जुना आहे: ड्रूप. लोड वाढला की गव्हर्नरने फ्रिक्वेन्सी थोडी उतरू द्यायची. 4 टक्के ड्रूप म्हणजे बिनलोड 52, पूर्ण लोडवर 50. समजा एक सेट 500 किलोवॉटचा, दुसरा 250चा, लोड 450. फ्रिक्वेन्सी 50.8वर थांबते, मोठा 300 उचलतो, लहान 150. दोघांत एक तारही नाही. आकडा हलला की साहेब विचारतात, काय बिघडलं? काहीच नाही. वाटणी चालू आहे.

*

इन्व्हर्टरमध्ये फिरणारं काहीच नाही; लोड आला म्हणून तो आपोआप मंदावत नाही. मग मंदावण्याचं सोंग प्रोग्रॅममध्ये घालायचं. मुकुल चांदोरकर आणि सहकाऱ्यांचा 1993चा लेख यावरच आहे. चांदोरकर पुढे आयआयटी मुंबईत प्राध्यापक झाले. मायक्रोग्रिडवरचं बरंचसं लिखाण आजही त्या लेखापाशी जातं.

*

स्कॉटलंडचं एग बेट मुख्य भूमीच्या ग्रिडला जोडलेलं नाही. 1 फेब्रुवारी 2008 पासून तिथे ओढ्याचं पाणी, वारा, ऊन आणि बॅटरी यांवर वीज चालते, डिझेल अडीअडचणीला. बॅटरी भरली की इन्व्हर्टर फ्रिक्वेन्सी वर नेतात. जास्तीची वीज सार्वजनिक हॉलच्या हीटरमध्ये जाते. घराला मर्यादा 5 किलोवॉट. गीझर, इस्त्री, ओव्हन एकदम लावणाऱ्यांनी तिथे राहायला जाऊ नये.

*

रिऍक्टिव्ह पॉवरची वाटणी मात्र त्रासाची, कारण ती व्होल्टेजवर ठरते. फ्रिक्वेन्सी सगळ्या बेटावर एकच असते. व्होल्टेज केबलच्या प्रत्येक टोकाला वेगळं. लोडजवळचा इन्व्हर्टर भरडला जातो, लांबचा मोकळा. त्यात लो-व्होल्टेज केबलला रेझिस्टन्सच जास्त, त्यामुळे ड्रूपचं गणितही तिरपं पडतं. म्हणून प्रोग्रॅममध्ये नसलेली इंडक्टन्स असल्यासारखी धरतात. तांबं लागत नाही, गरमही होत नाही. व्होल्टेज मात्र थोडं पडतं, आणि तेवढं सोसावं लागतं.