बाईंचा सुलट, काकूंचा उलट

विणायला शिकायचं तर एका वेळी एकाच बाईकडे शिकावं, हे मला कोणी सांगितलं नाही. भाच्याच्या घरी पाळणा हलणार म्हटल्यावर मी हौसेने दोन ठिकाणी जाऊ लागले. मंगळवारी वरच्या मजल्यावरच्या बाईंकडे. त्यांची उभी हयात शाळेत शिवण-विणकाम शिकवण्यात गेली. शुक्रवारी समोरच्या इमारतीतल्या काकूंकडे. कुठे शिकलात असं विचारलं की त्या "आईच्या मांडीवर" म्हणतात. दोघींचा हात असा की बघत राहावं. आणि त्यात मी डावखुरी.

पहिली खरेदी तुळशीबागेत. दुकानदाराने विचारलं, "सुया किती नंबर?" मी म्हटलं, "मध्यम." तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण. आपल्याकडे सुयांना अजून जुनी ब्रिटिश मापं चालतात, आणि त्यात आकडा वाढला की सुई बारीक होते. १० नंबर म्हणजे ३.२५ मिलिमीटर, ८ नंबर म्हणजे ४. अमेरिकेत नेमकं उलटं. तिकडची ८ नंबरची सुई चांगली ५ मिलिमीटर जाड. क्रोशाच्या दोऱ्याचा नंबर वाढला की दोरा बारीक, लोकरीचा प्लाय वाढला की लोकर साधारण जाड. हे सगळं ज्यांनी ठरवलं ते एकमेकांशी बोलत नसावेत.

लोकर म्हणून जे गुंडे घरी आले त्यांच्या लेबलावर शंभर टक्के अ‍ॅक्रिलिक छापलेलं होतं. बाई म्हणाल्या, "लहान बाळाला हीच बरी. टोचत नाही, रोज धुतली तरी चालते." काकूंनी गुंडा दोन बोटांत धरून परत दिला. "हिला ऊब कुठली?" सुयांचंही तेच. बाईंच्या सुया लांब, अ‍ॅल्युमिनियमच्या. उजवी सुई काखेत दाबून धरायची आणि फक्त बोटं चालवायची. काकूंना बांबूच्या आखूड सुया लागतात, कारण त्यावरून टाके घसरत नाहीत आणि नातू झोपलेला असताना आवाज होत नाही. दोघीही हे "असंच असतं" म्हणून सांगतात. पसंती आहे, असं कोणी म्हणत नाही.

मला छळायचा तो एकच प्रश्न : यातला नियम कुठला आणि खोड कुठली? बाई ओळीचा पहिला टाका न विणता नुसता उचलून घेतात, कड साखळीसारखी नेटकी दिसते म्हणून. काकू तो विणतातच, कारण पुढे बाजू शिवायला त्यांना तशी कड सोपी जाते. अर्ध्या ओळीत सुया खाली ठेवायच्या नाहीत, हे दोघींचंही सांगणं. मला ती अंधश्रद्धा वाटली. पण त्यामागे कारण आहे. मधेच ठेवलेलं काम परत हातात घेताना आपण कुठल्या बाजूला चाललो होतो ते विसरायला होतं. उलट्या दिशेने निघालो की तिथे भोक पडतं. मात्र बाळ जन्मल्याशिवाय स्वेटरचं शेवटचं बटण लावायचं नाही, हे काकूंचं कलम कुठल्या खात्यात घालावं ते मला ठरवता येत नाही. बाईंना ते कळलं तेव्हा त्या "काहीतरीच" म्हणाल्या, आणि बटणं ठेवायला एक रिकामी डबी दिली.

खरा घोळ झाला तो टाक्याच्या पायात. टाका सुईवर घोड्यावर मांड टाकल्यासारखा बसतो, एक पाय पुढे, एक मागे. बाई लोकर उजव्या हातात धरतात. त्यांच्या पद्धतीत उजवा पाय पुढे येतो, म्हणून सुलट विणताना सुई पुढच्या पायातून घालायची. काकूंची लोकर डाव्या तर्जनीवर. उलट टाका घालताना त्या लोकर सुईला वरून वेढा देऊन आणत नाहीत, सुईच्या टोकाने खालून ओढून घेतात. हात जेमतेम हलतो, पण टाका सुईवर फिरून बसतो, डावा पाय पुढे. काकूंचं काही अडत नाही, कारण पुढच्या ओळीत त्या मागच्या पायातून सुई घालतात आणि टाका पुन्हा सरळ होतो. दोघींची कापडं शेजारी ठेवा, फरक सापडणार नाही.

माझ्याकडे उलट होता शुक्रवारचा आणि सुलट मंगळवारचा. बाईंनी माझा तुकडा उजेडात धरला, चष्मा कपाळावर सरकवला. एकाआड एक ओळीत टाक्यांचे पाय मुळाशी एकमेकांवर चढले होते आणि कापड ताठ झालं होतं.

"हा उलट कुणाचा?"

मी नाव सांगितलं. बाई काही बोलल्या नाहीत. नुसत्या सुया काढून सगळं उसवायला लागल्या. शुक्रवारी काकूंनी तोच प्रश्न सुलटाबद्दल विचारला.

दोन सुयांचं विणकाम डावखुऱ्यांनी वेगळं शिकायचं कारण नाही, दोन्ही हात सारखेच लागतात, असं बाईंचं मत आहे. मला ते पटलं. काकूंसारखी लोकर डाव्या हातात घेतली तर उलट माझा डावा हात उजव्यापेक्षा जास्त कामाला येतो. क्रोशाला ही सोय नाही. तिथे सुई एकाच हातात असते, त्यामुळे सगळंच आरशातल्यासारखं करावं लागतं. बाईंनी मला शेजारून उठवून समोर बसवलं. त्यांचे खांब उजवीकडून डावीकडे जातात, माझे डावीकडून उजवीकडे. नुसते खांब आणि साखळ्या असतील तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण बाई कोणाच्या तरी रुखवतासाठी ताटाभोवतीची महिरप करत होत्या, त्यात फिरकीची नक्षी. मी केलेल्या फिरकीच्या पाकळ्या बाकीच्यांच्या विरुद्ध दिशेने वळल्या. "राहू दे," बाई म्हणाल्या, आणि ती बाजूला ठेवली. राहू दे म्हणजे महिरपीत की बाहेर, हे विचारायचा धीर झाला नाही.

शेवटी मी पुस्तकाकडे वळले. एलिझाबेथ झिमरमन या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत नावाजलेल्या विणकरणीचं 'निटिंग विदाउट टिअर्स' हे १९७१ सालचं पुस्तक मिळालं. म्हटलं, इथे तरी तटस्थ निकाल लागेल. तर ही बाई लोकर डाव्या हातात धरणाऱ्यांच्या बाजूची! स्वेटर गोल सुईवर एकसंध विणावा, बाजू शिवायचा उपद्व्याप करूच नये, असं तिचं म्हणणं. म्हणजे पहिला टाका उचलायचा की विणायचा हे आमचं भांडणच तिने निकालात काढलं. पण ती आपली मतं मतं म्हणूनच मांडते, आणि मला तेवढ्यानेच बरं वाटलं. काकूंना ही तिसरी बाई ताबडतोब आवडली. बाईंनी पुस्तक चाळलं आणि "छपाई चांगली आहे" एवढंच म्हणाल्या.

आता स्वेटर काखेपर्यंत आलाय. बॉर्डर १२ नंबरवर, अंग १० नंबरवर. माझा हात घट्ट म्हणून काकू अंगासाठी ९ नंबर घे म्हणत होत्या. बाईंचं म्हणणं, "सुई बदलू नकोस, हात सैल कर." मी सुई १० नंबरचीच ठेवली आणि लोकर करंगळीला गुंडाळणं सोडून दिलं. ते दोघींनाही आवडलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात गळा पाडायचाय. बाईंना अजून विचारलेलं नाही. "त्यांना विचारू नकोस," असं काकूंनी आजच बजावून ठेवलंय.