नाटक आणि पंगत

पत्नीच्या वाढदिवसास नाटक व बाहेरचे जेवण भेट द्यावे, हा बेत पुणेकरांस सोपा असेल; लातूरकरांस तिथीही आपल्या हाती नसते. मुंबईची नाटकमंडळी दौऱ्यावर निघेल तोच वाढदिवस! यंदा ती नांदेडास येत आहे, तेव्हा शंकरराव चव्हाण प्रेक्षागृहाची तिकिटे आम्ही काढून ठेविली.

राहिला प्रश्न भोजनाचा. १८८० साली किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले. त्या जमान्यात संगीत नाटके पहाटेपर्यंत रंगत आणि प्रेक्षक घरून जेवूनच निघत. म्हणजे नाटकाच्या दिवशीही गृहिणीस चूल काही चुकत नसे. आम्ही चांगल्या हॉटेलांची यादी पुढे ठेविली. तिने ती न वाचताच बाजूस सारली. १७०८ साली गुरु गोविंदसिंगांनी जेथे देह ठेविला, त्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या लंगरात तिला जेवावयाचे होते. ज्यास मोल पडत नाही त्या भोजनास भेट कसे म्हणावे, हा आमचा पोक्त आक्षेप.

“तिथं पंगतीत बसलं की वाढणारे दुसरेच असतात,” ती म्हणाली. “घरी आजवर मी शेवटचीच बसत आले.”

नाटक रात्री नऊचे आहे. लातुराहून दुपारीच निघावयाचे ठरले. पंगतीतून घाईने उठावे लागू नये.